फडक्यात बांधलेला अर्ज

सकाळची पूजा आटोपून पोथीचे फडके सोडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "गुरुजी, मी बेलापूरहून संगीता बोलतीय. मालनआक्काच्या संगं कामाला हाय. त्यांच्या फोनात तुमचा नंबर घावला. आक्का गेल्या वो..." मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवस बेशुद्ध होती, असे काहीसे ती सांगत राहिली. माझा हात फडक्याच्या गाठीवर तसाच राहिला. त्या फडक्यात पोथीबरोबर मालनचा एक अर्ज गेली सहा वर्षे बांधलेला आहे. महिना उलटल्यावर हे लिहितो आहे, ते तिचे गुण गाण्यासाठी थोडे आणि त्या अर्जाविषयी सांगण्यासाठी अधिक.

राहात्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तेव्हा मालन आठवीत होती. उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्के आणि जीभ तिखट. एकदा स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून तिने विचारले होते, "गुरुजी, देवाला मराठी समजत न्हाई का?" सारा वर्ग हसला, मीही हसलो. पुढे लवकर लग्न झाले, पती अकाली गेला, पदरी एक मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. घराजवळ काम हवे म्हणून ती गावाबाहेरच्या शेडमध्ये डाळिंबांची प्रतवारी करू लागली. दर गुरुवारी कामावर जाताना आमच्या देवासाठी शेवंतीची फुले ठेवून जाई. "घ्या, मराठी फुलं हाईत," असे हसून म्हणे.

त्या शेडचे मालक माझ्या प्रवचनांना नित्य येत. स्त्रियांच्या तक्रारींसाठी कायद्याप्रमाणे समिती नेमावी लागते, तीत बाहेरचा एक सदस्य असावा लागतो, तो मान आपण घ्यावा, अशी त्यांनी विनंती केली. मी तो मानच समजलो. नावांचा फलक दारात लागला, त्यावर माझ्या नावामागे 'वेदशास्त्रसंपन्न' असे लिहिले होते. सोबत कायद्याची एक पातळ पुस्तिका मिळाली. ज्याने एकेका पदाचा अन्वय लावण्यात आयुष्य घालवले, त्याने ती पुस्तिका न उघडता पंचांगांच्या चळतीत ठेवून दिली.

दिवाळीच्या थोडे आधी मालन आली, त्या दिवशी फुले नव्हती. लिहिलेल्या कागदाच्या दोन प्रती तिच्या हातात होत्या. वजनकाट्यापाशी मुकादम हात धरतो, नको ते बोलतो, झिडकारले की दिवसभर शीतगृहात पेट्या रचायला पाठवतो, असे त्यात नेटक्या अक्षरांत लिहिले होते. "समितीच्या बाईंकडं द्यायला गेल्ते, त्या रजेवर हाईत. तुमचं बी नाव हाय फलकावर. एक घ्या, अन् दुसरीवर मिळाल्याची सही करून द्या." मी म्हणालो, "मला पोच मागतेस, मालन? माझ्यावर विश्वास नाही का?" ती ओशाळली. "तसं न्हाई गुरुजी... ऱ्हाऊ द्या मग. तुमच्याकडं दिलं म्हंजी देवापुढं ठेवलं." आणि दोन्ही प्रती माझ्याकडे ठेवून ती गेली.

मी त्या खरोखरच देवापुढे, पोथीच्या फडक्यात ठेवल्या. तिथेच चुकलो. समितीपुढे अर्ज गेला तर तिच्याच नावाची चर्चा होईल, मुकादमाचा संसार मोडेल, त्यापेक्षा भाऊबीज तोंडावर आली आहे... असा विचार मी केला आणि त्याला धर्म मानले. भाऊबीजेला दोघांना घरी बोलावले. मुकादम साडी घेऊन आला, माझ्या पाया पडला. मालनला म्हणालो, "आजपासून हा तुझा भाऊ. ओवाळ त्याला." तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. पुढे वर्षानुवर्षे मी टाळत आलो ते हेच पाहणे. मग तिने तबक उचलले. कुंकू मात्र बोटाने लावले नाही, शेवंतीचा देठ बुडवून दुरूनच टेकवले. साडी आमच्या ओसरीवरच ठेवून ती निघून गेली. घरात आल्यावर पत्नी म्हणाली, "तिने बोट लावले नाही हो त्याला. तुम्ही पाहिलेत ना?" मी म्हणालो, "लाजली असेल. मिटले ना सगळे?" समितीच्या बाई रजेवरून परतल्या, पण त्यांना मी काहीच कळवले नाही. त्यांच्या लेखी अशी तक्रार कधी आलीच नाही.

त्यानंतर काय झाले, ते मला तेराव्याला मालनच्या घरी संगीताकडून कळले. भाऊबीजेनंतर मुकादम साऱ्या बायकांसमोर म्हणायचा, "चला बहीणबाई, भावाचं ऐका, गार हवेत बसा जरा." बायका हसायच्या. माझ्या ओवाळणीनेच त्याच्या हाती हे नवे हत्यार दिले होते. दोन महिन्यांत मालनने ते काम सोडले आणि रोज दोन बस बदलून बेलापूरच्या कांदा गोदामात जाऊ लागली. सासूला दिवसभर शेजारणीच्या भरवशावर टाकावे लागले. मला वाटले होते, तिला दुसरीकडे बरे काम मिळाले असेल. गुरुवारची फुले बंद झाली, तेव्हाही मी ती का बंद झाली हे विचारायला गेलो नाही.

"आमच्याकडं बी असंच झालं हुतं माझ्याबाबतीत," संगीता सांगत होती. "तवा आक्का माझ्यासंगं नगरला जिल्ह्याच्या समितीकडं आल्या. वाटंत एकच घोकून घेतलं माझ्याकडनं. कागद देवमाणसाच्या हातात दिला तरी पोच घ्यायची. लई हसले मी. म्हनलं आक्का, देवमाणूस कशाला खोटं बोलंल? तर म्हनल्या, खोटं न्हाई बोलत गं, विसरतो." ते माझ्याविषयी होते, हे संगीताला ठाऊक नव्हते. मीही तिला तिथे सांगू शकलो नाही. येथे सांगतो आहे. आणि मी विसरलो नव्हतो. मालनने तेवढीही सूट मला उगाच दिली.

घरी येऊन पंचांगांखालची ती पुस्तिका काढली आणि प्रथमच वाचली. तासाभराचे काम होते. समेट घडवायचा तो त्या स्त्रीने स्वतः मागितला तरच, असे तीत सरळ लिहिले आहे. मालनने तो मागितला नव्हता. तिने फक्त एक सही मागितली होती. तक्रारीची मुदतही ठरलेली असते. ती मुदत माझ्या पोथीच्या फडक्यात, धूपदीपात, केव्हाच सरून गेली. समितीच्या बाईंना मी आता घडलेले सर्व लिहून दिले आहे आणि फलकावरून माझे नाव उतरवण्यास सांगितले आहे. मुकादम अजून तिथेच आहे. हे सारे उशिराचे आहे, हे मला कळते.

काल सकाळी फडके सोडून दोन्ही प्रती बाहेर काढल्या. अक्षर आठवीतल्यासारखेच, ओळी उजवीकडे किंचित चढत जाणाऱ्या. दुसऱ्या प्रतीच्या तळाशी तिने थोडी जागा कोरी ठेवली होती. तिथे लिहिले, 'अर्ज मिळाला', खाली सही केली आणि कालची तारीख घातली. जुनी तारीख घालण्याचा मोह झाला, तो आवरला. पत्नीने विचारले, "पोथी बांधायची ना?" पोथी बांधली. ती प्रत मात्र पुन्हा फडक्यात घालायला हात धजला नाही... ती पाटावर उघडीच आहे.