उभारीचा घाव आणि खिशातली डबी

माझा उजवा कान माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं फोडला. बंडीच्या उभारीनं. उभारी म्हणजे बैलबंडीच्या बाजूले उभा ठोकलेला दांडका, बाभळीचा, मनगटाएवढा जाड. घाव बसला तवा आवाज आलाच नाही. डोळ्यापुढं पांढरं झालं, तोंडात माती गेली, मानेवरून गरम गरम उतरलं, अन् कानात एक शिटी सुरू झाली. ती शिटी आजवर बंद नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण ही गोष्ट मले कवितेसारखी पाठ होती. आमच्या दोघांच्या वावरामधात एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, आहे. वखर हाकताना धुऱ्याचा एक एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, दरसाली आपल्याकडे ओढून घ्यायचा, याले आमच्याकडे धुरा कोरणं म्हणतात. पाच-सहा वर्षांत हातभर जमीन इकडची तिकडं होते अन् कोणाच्या डोळ्यात येत नाही. मी सांगायचो, भावानं धुरा कोरला, मी इचाराले गेलो, त्यानं उभारी घातली. पोलीस पाटलाले हेच सांगितलं, सोयऱ्यांले हेच. माझा पोरगा लहानपणी जेवायले रडला की त्याले मी माझा सुकलेला कान दाखवायचो अन् म्हणायचो, जेव, मोठा हो, अन् हा कान वसूल कर.

बाप असं बोलते काय, म्हणाल. मी बोललो.

डावा कान हडंब्यानं खाल्ला. सोयाबीन काढायच्या त्या मशीनवर मी वीस हंगाम उभा राह्यलो. त्यातून जे उरलं ते जाड आवाजाचं उरलं. ट्रॅक्टर समजे, बैल हंबरला तं समजे, पण माणसाचं बोलणं म्हणजे डेऱ्यात तोंड घालून बोलल्यासारखं. कारंज्याच्या डॉक्टरनं कानात घालायचं मशीन लिहून दिलं. म्या चिठ्ठी चुलीत टाकली. मशीन घातलं की गाव भैरा म्हणणार. भैरा तं होतोच, पण आपण कबूल करणं वेगळं.

मग नातीनं उपाय काढला. ती अकोल्याले शिकते अन् माझ्यासारखीच हट्टी आहे. दिवाळीले आली तवा तिनं काडीपेटीएवढी एक डबी आणली. डबीले चिमटा, तो खिशाले लावायचा. तिच्यातून वायर निघते अन् कानावर मोठे काळे हेडफोन बसतात, शहरातले पोट्टे घालतात तसे. डबी अन् फोन यांच्यात वायर नाही, ब्लूटूथवर चालते. फोनमधलं एक बटन दाबलं की फोनच कान होतो. फोन जिथं ठेवला तिथला आवाज डबी ओढून घेते, वाढवते अन् हेडफोनात सोडते.

डबीच्या पोटातच आवाज गाळायची सोय आहे. फोनवर दहा उभ्या दांड्या दिसतात, त्या बोटानं खाली-वर करायच्या. नातीनं एक दुपार त्याच्यापायी घातली. ती एकेक शब्द बोले, मी सांगो समजला की नाही. ती म्हणे, आबा, पोटातून निघते तो आवाज तुमाले ऐकू येतेच, त्या दांड्या खाली करते; जिभेतून अन् दातातून निघते तो येत नाई, त्या वर करते. शेवटी तिनं पाठ फिरवून हळूच म्हटलं, "आबा, तुमी लई खोटे बोलता." मले अख्खं समजलं. मले मशीन लागत नाही म्हणायचो, त्यावरून ती थट्टा करत होती. माझा हात मात्र सुकलेल्या कानावर गेला.

एक खोट त्या डबीत होती. आवाज अर्धा श्वास उशिरा येई. समोरच्याचे ओठ आधी हालत, बोल मागून येत. सवय झाली.

गावात मी सांगून टाकलं, मी गाणे ऐकत असतो. हॉटेलावर एकानं इचारलं, बुढेबा, कोणत्या लग्नातलं गाणं लावलं? म्या म्हटलं तुया बापाच्या. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्यानंच मागून येऊन हेडफोन ओढले. म्या हातातला चहा त्याच्या तोंडावर फेकला, उकळता होता. गळ्यावर फोड आले त्याच्या. त्याच्यानंतर कोणी हात लावला नाही. वाईट वाटलं नव्हतं तवा. आता लिहिताना वाटून राह्यलं.

या उन्हाळ्यात धुऱ्याची मोजणी निघाली. अर्ज माझ्या पोरानं केला. मोजणीवाले यायच्या सकाळी तो ट्रॉलीत सब्बल टाकत होता. काहून म्हणून इचारलं तं म्हणाला हद्दीचे दगड रोवायले लागते. सब्बल म्हणजे लोखंडाची पहार, पाच फूट. दगड रोवायले ती लागतेच. मी थैली घेऊन ट्रॉलीत बसलो. त्याचं तोंड पाहून त्याले थांबवायले पाहिजे होतं.

वावरात गेलो तं भाऊ धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला होता, सोबत पुतण्या. भावाचा डावा डोळा अर्धा मिटलेला असते, भुवई मधातून फाटलेली. गावाले तो सांगतो बैलाचं शिंग लागलं. आमी दोघं चाळीस वर्षांत एकमेकाशी बोललो नाही. एकाच घरच्या मयतीत दोन दारातून निघालो.

त्या बाभळीच्या बुडाशी म्या माझी थैली टेकवली अन् थैलीवर फोन ठेवला. विसरलो असं सांगता येईल, पण विसरलो नाही, मुद्दाम ठेवला. ते बटन दाबूनच ठेवला. मले ऐकायचं होतं भाऊ माझ्यामागं काय बोलते. मग मी लघवीचं निमित्त करून पंधरा-वीस पावलं निघालो अन् पाठ करून उभा राह्यलो. त्यांच्या लेखी मी भैरा अन् वरून गाणे ऐकणारा.

आधी नुसती खरखर आली. मग पुतण्याचा आवाज, कानात तोंड घातल्यासारखा. तो बापाले म्हणत होता, आज सगळ्यासमोर सांगून टाका, शिंगाचा घाव असा नसते, हा तुतारीच्या खिळ्याचा आहे, सगळ्यांले दिसते.

तुतारी म्हणजे बैल टोचायची काठी, टोकाले खिळा असते. आता ते सांगतो जे म्या कोणाले सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भाऊ वखर थांबवून बैलाले पाणी पाजत होता. म्या काही इचारलं नाही. मागून गेलो अन् तुतारी फिरवून त्याच्या तोंडावर मारली. खिळा भुवईत घुसला अन् ओढताना पापणी घेऊन आला. रक्त त्याच्या दोन्ही डोळ्यांत उतरलं. तो आंधळ्यासारखा हात पसरून बंडीकडं गेला, उभारी उपटली अन् आवाजाच्या रोखानं फिरवली. त्याले दिसतच नव्हतं मी कुठं आहे. मी शिव्या देत होतो, म्हणून घाव कानावर बसला. शिवी दिली नसती तं कान राह्यला असता.

हेडफोनात भाऊ बोलला. म्हातारा झाला आवाज.

"माया लहान भावानं मले मारलं, हे मी कोण्या तोंडानं सांगू? शिंगच होतं. अन् तू त्याच्या उजव्या अंगानं जाऊ नको, तिकून त्याले काई समजत नाई, दचकते तो."

सगळं उभं आयुष्य त्यानं आपल्या मोठेपणापायी शिंग शिंग केलं, अन् त्याच आडोशानं म्या माझं खोटं पोसलं.

मी वळलो तं माझा पोरगा सब्बल घेऊन बाभळीपाशी पोचला होता. मोजणीवाले पलीकडच्या टोकाले मशीन लावत होते. पोराचे ओठ हालले, मग बोल आला.

"काका, धुरा मंग मोजू. पहिले कान मोजू."

पुतण्यानं दगड उचलला. भाऊ उठला नाही. त्यानं फक्त हात आडवा केला, तो बी पुतण्याच्या आडवा. मी धावलो. या वयात धावणं म्हणजे काय, पण धावलो. पोराची सब्बल खांद्याच्या वर गेली तवा मी त्याच्या मागं होतो अन् माझ्या हातात टेकायची वेळूची काठी होती. समोर त्याचा उजवा कान होता. माझ्या हातानं तो कान पाह्यला, खोटं कायले बोलू. हाताले तीच जागा माहीत होती. मी काठी खाली वळवली अन् त्याच्या मनगटावर घातली, होता नव्हता तेवढा जोर लावून.

सब्बल खाली पडताना दिसली. मग अर्ध्या श्वासानं आवाज आला. दातातले आवाज नातीनं वर करून ठेवले होते. हाड मोडल्याचा आवाज त्यातच बसतो. माझ्या पोराचं हाड मोडलं ते मले डाव्या कानात एकदम साफ ऐकू आलं, जसं चाळीस वर्षांत काहीच साफ ऐकलं नव्हतं.

त्यानं डाव्या हातानं मले झापड मारली. हेडफोन उडाले. मग नुसती शिटी. पोरगा वाकून मनगट पोटाशी धरून ओरडत होता, तोंड दिसत होतं, आवाज नव्हता. मोजणीवाले धावत येत होते. मी मातीत बसलो होतो अन् म्या सांगून टाकलं. पहिले म्या मारलं. मागून मारलं. तुतारीनं. त्यानं धुरा कोरला की नाही हे बी मले माहीत नव्हतं, लोकांनी सांगितलं अन् म्या मारलं. माझाच आवाज मले ऐकू येत नव्हता, किती मोठ्यानं बोललो माहीत नाही. पण पोरगा ओरडायचा थांबला. तो माझ्याकडं पाहत होता.

भावाचे ओठ हालले. म्या कानाकडं बोट केलं. पुतण्यानं दगड टाकला, हेडफोन उचलले, शर्टानं माती पुसली अन् समोरून येऊन, उजव्या अंगानं नाही, माझ्या कानावर बसवले. भाऊ परत बोलला. सगळ्यांसमोर, मोजणीवाल्यासमोर, माझ्या तोंडाकडं पाहून. माझ्याशी बोललेलं त्याचं ते चाळीस वर्षांतलं पहिलं.

"बैलाचं शिंग होतं म्हटलं ना."

म्या म्हटलं, शिंग नव्हतं. तो म्हणाला, होतं. मी म्हटलं तुतारी होती. तो म्हणाला, "तुले काय मालूम, तू मागून होता." असे आमी दोन म्हातारे त्या उन्हात भांडलो, तो आपली इज्जत सोडेना अन् मी माझं पाप सोडेना. पुतण्यानं माझ्या पोराले मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तो बसला हे नवल.

मोजणीत धुरा वाकडा निघाला. एका टोकाले भावाकडं सरकलेला, दुसऱ्या टोकाले माझ्याकडं. दोघांनी बी कोरला होता. दगड दुसऱ्या दिवशी रोवले. सब्बल माझ्या घरची, खड्डे पुतण्यानं खोदले.

पोराचं मनगट जुळलं, थोडं तिरपं. माझ्याशी तो अजून बोलत नाही. रागावला म्हणावं तं समजलं असतं. तो तं माझ्या कानाकडं पाहते अन् उठून जाते. त्या कानापायी त्याचं बालपण म्या जाळलं. नात फोनवर म्हणते, आबा, थांबा, बोलतील. मी थांबतो. सकाळी उठलो की डबी खिशाले लावतो, हेडफोन चढवतो अन् फोन त्याच्या बाजेपाशी ठेवतो. हे चोरून नाही. त्याच्या डोळ्यादेखत ठेवतो, बटन दाबून. तो उचलून आपटू शकते. अजून आपटला नाही.