सर्व्हरचं घड्याळ पुढे जाणार नाही

मंडळी, आज मी साहेबांना तोंडावर नाही म्हणाले.

नगरच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते. इथले सगळे कॉम्प्युटर आणि हजेरीचं मशीन एकाच सर्व्हरवरून वेळ घेतात.

सकाळी साहेब म्हणाले, "सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे कर. आमच्या घरी तसंच असतं. लोक वेळेवर येतील."

म्हणजे पारनेरच्या एसटीने वेळेत आलेल्यालाही लेट लागणार.

मी विचारलं, "मग संध्याकाळी सुट्टीही त्याच घड्याळाने?"

"छे, सुट्टी खऱ्या वेळेला."

"मग सकाळीही खरीच वेळ राहील, साहेब. मी हात लावणार नाही."

साहेब अजून फुगलेत. सर्व्हर बरोबर चालतोय.

तुमच्या ऑफिसातलं घड्याळ कुणाच्या सोयीने चालतं?