शेवटची मोकळी ओळ

वसुधा गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली, आणि मनात पहिला विचार आला तो हा, की हिला माझ्याआधी कशी कळली? लिहायला लाज वाटते. पण दोन महिने होत आले, आता खोटं लिहून काय मिळवायचंय? लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या शाळेत मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. ऋताचा जर्मनीहून फोन आला. "आई, मावशी गेली... सकाळी, झोपेतच," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली ती थांबेचना. वसुधाचा भाऊ माधव मेडनहेडला राहतो, त्याच्याकडेच ती शेवटचे चार महिने होती. त्याने पहिला फोन ऋताला केला होता. पुण्यातल्या कॉलेजपासूनची मैत्रीण मी, गाडीने चाळीस मिनिटांवर राहणारी, आणि माझा नंबर दुसरा.

कॉलेजात आम्ही दोघी इंग्रजीच्या. मार्क मला जास्त पडायचे, हे मी इथे मुद्दाम नमूद करते, कारण दुसरं कोणी करणार नाही. मी डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडला आले आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आपण इंग्रजांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो याचा मला भारी तोरा होता. वसुधा मात्र शिष्यवृत्ती घेऊन आली, इथून जर्मनीत गेली आणि ऱ्हाइनकाठच्या एका जुन्या विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापक होऊन बसली. लग्न केलं नाही. पुण्याची बाई जर्मन मुलांना इंग्रजी शिकवते हे ऐकून इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक हसायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचे, जरा जास्तच.

ऋताने अठराव्या वर्षी जाहीर केलं, की ती इंग्रजी शिकायला जर्मनीला जाणार. इंग्लंडमध्ये जन्मलेली मुलगी इंग्रजी शिकायला जर्मनीला! तिचे बाबा म्हणाले, जाऊ दे, दोन भाषा येतील. मला मात्र नीट कळत होतं की ती जर्मनीला नाही, वसुधाकडे चालली आहे. लहानपणापासून दर उन्हाळ्यात ही मावशी यायची, हिला पुस्तकं द्यायची आणि हिचं मोडकंतोडकं मराठी न सुधारता ऐकून घ्यायची. ते मला कधी जमलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ऋताने मला एक झेरॉक्स केलेली पुस्तिका पाठवली. वसुधा ती पहिल्या वर्षाच्या मुलांना दर ऑक्टोबरात वाटायची. पाठ्यपुस्तक नव्हे, नुसत्या कामाच्या गोष्टी. वेळापत्रकात दहा लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, दहाला येऊन रिकाम्या वर्गात घाबरू नका. आधी पुस्तक वाचा, मग पुस्तकाविषयीचं पुस्तक. व्याख्यानं संपली म्हणजे सुट्टी लागली असं समजू नका, निबंध त्या सुट्टीतच लिहायचे असतात. निबंधाची सुरुवात जगाच्या उत्पत्तीपासून करू नका. उच्चार लंडनचा हवा की अमेरिकेचा ते ठरवा, पण ठरेपर्यंत गप्प बसू नका. चुका करत बोला, मीही तशीच शिकले... मुलं म्हणे ही पुस्तिका वर्षानुवर्षं जपून ठेवायची. मी लाल पेन घेऊन वाचायला बसले. चौथ्या पानापर्यंत दोन स्वल्पविराम चुकलेले सापडले, तेवढ्याने माझं समाधान झालं आणि मी पुस्तिका खणात टाकली.

त्याच वर्षी आम्ही ऋताला भेटायला गेलो. तिच्या आग्रहाखातर मी वसुधाच्या व्याख्यानाला जाऊन मागच्या बाकावर बसले. दीडेकशे मुलं होती. वसुधा हिरवी साडी आणि वर जाड कोट अशा अवतारात उभी राहून बोलली. बोलली चांगलं, नाही कशाला म्हणू? पण संपताक्षणी सगळी पोरं बोटांच्या पेरांनी बाकं ठोकायला लागली. टकटक टकटक, सगळं सभागृह. आमच्या शाळेत मुलांनी बाकं बडवली की समजायचं, वर्ग हाताबाहेर गेला. मला वाटलं, तिची हुर्यो चालली आहे. आणि खरं सांगते, मला आतून इतकं बरं वाटलं, की चेहरा लपवायला मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले. बाहेर आल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस गं. आजकालची मुलंच तशी." ऋता म्हणाली, "आई, इथे टाळ्या नाही वाजवत. असंच करतात, आवडलं की." वसुधा पोट धरधरून हसली. ऋता हसली नाही. तिने माझा चेहरा पाहिला होता, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

पुढे ऋताचं सगळंच मावशीमय झालं. फोनवर मी बोलू लागले की म्हणायची, "आई, एकच प्रश्न विचार ना, मावशी म्हणते दहा प्रश्न घेऊन आलं की उत्तर एकाचंही मिळत नाही." तिथे म्हणे प्राध्यापकाला भेटायचं तर दारावर लावलेल्या कागदावर नाव लिहावं लागतं, प्रत्येकाला वीस मिनिटं. भाचीसारखी असली तरी ऋतालाही वसुधा नाव लिहायला लावायची. ऋताला त्याचा राग नव्हता, अभिमान होता. माझ्याकडे यायला तिला कधी नाव लिहावं लागलं नाही, आणि ती येतही नव्हती.

वसुधा आजारी पडून माधवकडे आली, तेव्हा मी सुरुवातीला दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तो गुरुवार होता, येते म्हणून आदल्या दिवशी कळवलं होतं. शाळा सुटल्यावर निघाले, चारला पोचले. माधवच्या बायकोने, शैलाने, दार उघडलं आणि वर जा म्हणाली. वर वसुधाच्या खोलीच्या बंद दारावर कागद चिकटवलेला. दोनपासून वीस-वीस मिनिटांच्या ओळी, समोर नावं. जुने विद्यार्थी, शेजारची बाई. डॉक्टरांनी माणसं कमी करा सांगितलं म्हणून तिने तिची जुनी पद्धत इथेही आणली होती. मी, आणि नाव लिहू? आणि सगळ्यात वर, दोन आणि दोन-वीस अशा दोन्ही ओळींवर, ऋताचं गोल अक्षर. संध्याकाळी घरी येते म्हणून मला सांगणारी माझी मुलगी विमानतळावरून आधी इथे येऊन, दोन पाळ्या बसून, गेलीसुद्धा होती. चार-वीसची शेवटची ओळ तेवढी मोकळी होती. उरलंसुरलं माझ्यासाठी, असं मनात आलं. शैलाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि बाहेर येऊन गाडीत बसले. राग इतका आला होता, की गाडी चालवणं शक्य नव्हतं. बराच वेळ तशीच बसून होते, मग निघाले. त्यानंतर फोनही केला नाही. बाराव्या दिवशी वसुधा गेली.

ऋता येऊन सगळे विधी करून परत गेली. आमच्यात फार बोलणं झालं नाही. जाताना फक्त म्हणाली, "आई, मावशीची पुस्तिका तू कधी पूर्ण वाचलीस?" मी म्हटलं, वाचली की. ती गेल्यावर खणातून काढली. सहाव्या पानावर भेटीच्या वेळांविषयी लिहिलं होतं. कागद भरलेला दिसला तर परत जाऊ नका. शेवटची ओळ मी कोणालाच लिहू देत नाही. ती ज्याला नाव लिहायचा संकोच वाटतो किंवा राग येतो त्याच्यासाठी आहे. त्याने नुसती टकटक करावी.

दुसऱ्या दिवशी मी मेडनहेडला गेले. शैलाने तो गुरुवारचा कागद जपून ठेवला होता, मागितल्यावर काढून दिला. मी विचारलं, त्या दिवशी शेवटी कोण आलं? ती म्हणाली, "कोणी नाही, कुंदाताई. दोनच्या आधीच वन्सं म्हणाल्या, केस विंचरून दे, आज कुंदा येईल. ती काही नाव लिहायची नाही."

"मी आले होते हे तू सांगितलंस?"

"सांगायला कशाला हवं? त्यांचा पलंग खिडकीशीच होता ना. तुमची लाल गाडी समोरच होती. मी म्हटलं, बोलावून आणू का? तर म्हणाल्या, नको, राग निवला की येईल. पावणेपाचपर्यंत उशीला टेकून बसल्या होत्या."

मला वसुधाचा हेवा अजूनही वाटतो. माझ्या मुलीचा वाटतो, तिला दोन ओळी मिळाल्या म्हणून. तो कागद आता पुस्तिकेच्या सहाव्या पानात ठेवला आहे. परवा पेन हातात घेऊन बसले होते, पण त्या ओळीवर काही लिहवेना. गाडीत मी घड्याळ पाहिलं होतं, ते नीट आठवतं. निघाले तेव्हा पावणेपाच वाजले होते.