कोरियन भाषेची तालीम

पडदा वर जातो. १९६६ साल, नागपूर, महाल भागातली आमची नाटकाच्या तालमीची खोली. मधोमध माझा मित्र रुपराव, कोरियन युद्धाच्या वेळी लष्करातून कोरियात राहून आलेला गिरणी कामगार. त्याला दिल्लीत दुभाष्याची नोकरी हवी होती. त्यासाठी कोरियन भाषेची तोंडी परीक्षा होती.

भाषा त्याला येत होती, पण साहेबांसमोर बोलायची भीती वाटे. मी नट, मला एकच तयारी ठाऊक. प्रश्नोत्तरं देवनागरीत लिहून नाटकासारखी ओळीनं पाठ करून घेतली.

परीक्षकानं आमच्या वहीतला सातवा प्रश्न आधी विचारला. रुपराव पहिल्या प्रश्नाची वाट पाहत गप्प उभा राहिला. नोकरी गेली.

तो गिरणीतच म्हातारा झाला. त्याच्या शेवटच्या आजारपणात मी माफी मागितली, तर तो हसला.

"काहून रडून राहिला गा? त्या साहेबालेच आपलं नाटक पाठ नव्हतं!"