फोटोत डोंगर आला

वेंडेल कानेशिरोवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. माणूस वाईट होता म्हणून नव्हे, गप्प होता म्हणून. माझ्या खाण्याच्या गाडीच्या खिडकीशी येऊन एक मुसुबी, म्हणजे वर मांसाचा काप ठेवलेली भाताची वडी, घ्यायचा, मान हलवायचा, पायात पोहायची रबरी वल्ही चढवायचा आणि कॅमेऱ्याचा पाणबंद डबा छातीशी धरून समुद्रात शिरायचा. साठी उलटली तरी लाट फुटते नेमका तिथेच तरंगत राहायचा. लाटेवर फळी चालवणारा पोरगा तिच्या पोकळीतून सुसाट याच्या डोक्याजवळून गेला की फोटो काढून हा पाण्याखाली गडप.

हवाईतल्या काउआई बेटाच्या आमच्या टोकाला एकच कायदा आहे: फोटोत मागचा डोंगर येता कामा नये. त्या डोंगराला वर खाच आहे. ती दिसली की कुणीही जागा ओळखतो, आणि मग आमची लाट आमची राहत नाही. वेंडेलच्या फोटोंत पोरगा, पाणी आणि आभाळ एवढंच असायचं.

जानेवारीत तो फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर आला. हिरवीगार लाट, मागे खाचेसकट डोंगर आणि फळीवर आमचा कामुएला, जो मागच्या हिवाळ्यात याच पाण्यात गेला. आठवड्याभरात रस्त्याच्या कडेला भाड्याच्या गाड्यांची रांग लागली. परक्यांच्या गर्दीत आमच्या पोरांना लाट मिळेनाशी झाली.

लाटेच्या पोटात शिरून फोटो काढणारा आमच्याकडे एकच. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मी तर त्याच्या पायांकडेही बघायला लागले. वल्ही नवीकोरी होती. त्यात एके दिवशी त्याने दोन मुसुबी घेतले. हातात पैसा खेळायला लागला की भूकही वाढते, असं मी मनात म्हटलं.

कामुएलाचा थोरला भाऊ ब्रॉन्सन. पाण्यात त्याचाच शब्द चालतो. त्याने वेंडेलला माझ्या गाडीसमोरच अडवलं. एरवी 'अंकल, अंकल' करणारा माणूस सरळ अरे-तुरेवर आला.

"माझ्या मेलेल्या भावाला विकलंस तू."

"मी विकला नाही."

"फोटो तुझाच ना?"

"माझाच."

"मग बाहेर कुणी दिला? नाव सांग. नाहीतर उद्यापासून पाण्यात पाय टाकायचा नाही."

 वेंडेल डबा उचलून घरी गेला. निर्दोष माणूस असा निघून जाईल का? माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी तो आला तो डब्याशिवाय. झाडाखाली बसून नुसता लाटांकडे बघत होता. जन्मभर पाण्यात काढलेल्या माणसाला कोरडा बसलेला बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला. त्याच्याविरुद्ध काही सापडतंय का म्हणून मी फोनवर तो फोटो मोठा करून बघायला लागले. आम्ही सगळ्यांनी लाट बघितली होती, डोंगर बघितला होता. कोपरा कुणीच बघितला नव्हता. तिथे लाल-पिवळा पुसट डाग होता. डागाला नीरफणसाच्या कातरलेल्या पानांचा आकार होता. ती एका गोधडीवरची नक्षी होती आणि ती गोधडी मी ओळखली, कारण तिचे अर्धे टाके माझे होते. ती लेनानीच्या पलंगावर असते. म्हणजे हा काचेच्या चौकटीतल्या फोटोचा फोनने काढलेला फोटो होता, काचेत गोधडी उमटली होती, आणि लेनानी म्हणजे ब्रॉन्सनची आणि कामुएलाची आई.

मी तडक तिच्याकडे गेले. तिने कपाट उघडलं. कामुएलाच्या शर्टांच्या घडीखाली चौकट होती. वेंडेल प्रत्येक पोराचा डोंगरासकट एक फोटो काढून ठेवतो, तिने सांगितलं. कुणाला दाखवत नाही. पोरगा गेला तर आईला आणून देतो, म्हणजे पोरगाही दिसावा आणि त्याचं गावही.

"कुणाला दाखवू नका म्हणाला होता," लेनानी म्हणाली. "ब्रॉन्सनलासुद्धा नाही दाखवला. फक्त लास व्हेगासच्या बहिणीला पाठवला गं. तिला मातीला येता आलं नव्हतं. तिच्याकडून पुढे गेला असेल."

"वेंडेलला हे माहीत आहे?"

"त्याने दुसऱ्या कुणाला दिलाच नाही तर कळणार नाही का?"

"तो तुझं नाव घेत नाही. किनाऱ्यावर कोरडा बसलाय."

तिने चपला घातल्या आणि चौकट तान्ह्या लेकरासारखी कवटाळून निघाली.

किनाऱ्यावर तिने सगळं सांगितलं तेव्हा ब्रॉन्सनने चौकट हातात घेतली. काचेवरून अंगठा फिरवला.  मग वेंडेलच्या घरी जाऊन डबा घेऊन आला आणि त्याच्यापुढे धरला. "चला अंकल," एवढंच म्हणाला.

दुपारी दोघंही माझ्या खिडकीशी आले, ओलेचिंब. ब्रॉन्सनला मोठी लाट मिळाली होती आणि वेंडेल तिच्या तोंडाशीच होता. मी दोघांना मुसुबी दिले.

"अंकल, आज मागे डोंगर घेतलात?"

"घेतला."

"म्हणजे तो मला कधीच बघायला मिळणार नाही."

वेंडेलने भात चावून गिळला.

"तुझं जाऊ दे," तो म्हणाला. "तुझ्या आईला बघायची वेळ येऊ नये."