दहा तास पुस्तकासमोर

"एका मुलीसाठी चार भेटी? त्यापेक्षा सगळ्या बारावीला एक भाषण द्या ना," प्राचार्य म्हणाले.

राहुरीच्या बाजारात भाजी विकत मी मानसशास्त्रात एम.ए. केलं. कुणी भाव पाडून मागितला की माझं डोकं फिरतं. शिवाय गेल्या वर्षी याच कॉलेजनं मला 'मोटिव्हेशनल स्पीकर' म्हणून शाल दिली होती. मी काउन्सेलर आहे. ते अजून सलतं.

घासाघीस करून तीन भेटी आणि लॅबमागची खोली मिळवली. प्राचार्यांची अट होती : पुढच्या युनिट टेस्टला केमिस्ट्रीत नापास झाली तर सायन्स सोडायचं. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. सायन्स सुटलं की तेही सुटलं.

वैष्णवी (नाव बदललं आहे) शनिशिंगणापूरची. "मॅडम, मी दहा-दहा तास बसते. डोक्यात काईच ऱ्हात न्हाई."

बसल्यावर मनात काय चालतं, असं विचारलं. "कोन बघतंय, ते."

गावच्या रीतीप्रमाणे घराला दार नाही, पुढं वडिलांचं पूजासाहित्याचं दुकान. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आधी हिच्यावर. म्हणून ही ठरावीक वेळानं पान उलटायची. न वाचताच.

मी वापरते त्या पद्धतीला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. मनातला विचार खरा धरायचा नाही, करून तपासायचा. तिचा विचार होता, 'उठले तर लोक म्हणतील, पोरगी अभ्यास करत न्हाई.' मी सांगितलं, पंचवीस मिनिटं वाच, पुस्तक मिटून आठवेल ते लिही, मग सगळ्यांदेखत ओट्यावर जाऊन उभी राहा. कोण काय म्हणालं, ते वहीत टिपून ठेव.

"पंचवीस न्हाई जमायची."

"मग किती?"

"धा."

"पंधरा."

"बारा," म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. ठरलं.

पुढच्या भेटीला वही आली. दोन दिवस कुणीच काही बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चुलतीनं तान्हं पोर हातात दिलं. चौथ्या दिवशी वडील म्हणाले, "उठलीस व्हय? मला वाटलं, हिच्या पायाला मुंग्याच येत न्हाईत."

खाली तिनंच लिहिलं होतं, 'लोकांना त्यांची कामं हायेत.'

तिसऱ्या भेटीपर्यंत बाराची वीस मिनिटं झाली. बसण्याचे तास निम्म्यावर आले. टेस्टमध्ये ती पास झाली. सायन्स टिकलं.

"दोनच मार्कांनी," प्राचार्य म्हणाले.

"पास म्हणजे पास, सर."

मूल किती वेळ बसलं, हे घरादाराला दिसतं. काय वाचलं, हे मात्र पुस्तक मिटून त्यालाच विचारावं लागतं.