साती आसरा विहिरीतून वर आल्या

मंडळी, आत्ताच नाशिकला परतलो. घसा पार बसलाय, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लिहून सांगतो.

पेठच्या वाटेवरच्या एका गावात लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरतात. नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, त्यातून किडे सुटतात, आणि तेच पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षभराने नारूचा दोऱ्यासारखा लांब जंत निघतो. पायऱ्या बंद करून रहाट लावा, हे सांगायला मी गेलो होतो. तासभर गरजलो. रहाट तयार, गवंडी तयार; गाव हलेना.

"समदं खरं, मास्तर," पाटील म्हणाले, "पण खालच्या कोनाड्यात साती आसरा हायेत. पाण्याच्या देवींची वाट बुजवायची?"

मी पुन्हा तोंड उघडणार, तोच नारूने लंगडी झालेली ठकूबाई काठी आपटत उठली. "मग त्यांना वर आणा की! त्याबी बायाच. रोज वल्यात बसून कट्टाळल्या असतील. माझा पाय गेला, सुनेचा जाऊ द्यायची नाय!"

सारं गाव हसलं. पाटीलसुद्धा!

दुपारी सात शेंदरी दगड टोपलीतून वाजतगाजत वर आले आणि रहाटाशेजारी बसले. पायऱ्यांच्या तोंडावर भिंत चढली. पहिली घागर सुनेने कोरड्या पायांनी ओढली. ठकूबाईने ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळून मला दिलं. "मास्तर, आता बोला काय ते."

मी घटाघटा पाणी प्यालो. इतकं गोड पाणी कधी प्यालो नव्हतो!

तुमच्या गावात अजून कोण पाण्यात उतरून घागर भरतं? आणि तिथल्या ठकूबाईला कुणी विचारलंय का?